भूकंपानंतर कारखाना किती दिवसांत सुरू व्हायला हवा? (कामगिरीवर आधारित स्ट्रक्चरल डिझाइन)

पोलादी

औद्योगिक स्ट्रक्चरचं डिझाइन करताना आपण बहुतेक जण एकाच प्रश्नापाशी थांबतो: कोडात (बांधकामाच्या नियमसंहितेत) बसतंय ना? बेस शिअर (भूकंपाचं पायाशी येणारं आडवं बल) काढला, आर फॅक्टरने (स्ट्रक्चर न तुटता वाकू शकतं म्हणून बल कमी करणाऱ्या भाजकाने) भागला, मेंबर तपासले, ड्रिफ्ट (मजल्यांमधलं आडवं सरकणं) मर्यादेत आला, काम संपलं. माझं म्हणणं असं, की कारखान्यासाठी याच्या आधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. भूकंपानंतर इथलं नेमकं काय चालू राहायला हवं, काय बंद पडलं तरी चालेल, आणि बंद पडलं तर किती दिवस चालेल? हे मालकाकडून आणि प्रोसेसच्या माणसांकडून लेखी आल्याशिवाय मॉडेल उघडूच नये.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. कॅलिफोर्नियातला १९९४चा नॉर्थरिज भूकंप ६.७ तीव्रतेचा. कोडाने बांधलेल्या इमारतींनी माणसं बऱ्यापैकी वाचवली, पण पोलादी फ्रेमच्या बीम-कॉलम वेल्डिंगमध्ये तडे सापडले आणि आर्थिक नुकसान प्रचंड झालं. 'कोड पाळूनही एवढं नुकसान कसं?' असं मालक विचारू लागले. उत्तर सरळ होतं, कोडाचं वचन जीव वाचवण्याचं होतं, इमारत वापरण्याजोगी ठेवण्याचं नव्हतंच. त्यातून १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरांच्या संघटनेचा 'व्हिजन २०००' अहवाल आला, १९९७ मध्ये अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचं फेमा २७३ आलं, आणि तीच वाट पुढे एएससीई ४१ या अमेरिकन मानकापर्यंत गेली. ऑपरेशनल (कामकाज चालू), इमीजिएट ऑक्युपन्सी (ताबडतोब वापरण्याजोगी), लाइफ सेफ्टी (जीव वाचतील), कोलॅप्स प्रिव्हेन्शन (निदान कोसळणार नाही) हे शब्द तिथूनच रुळले.

पण ही शब्दावली मुळात इमारतींसाठी घडली आहे. ऑफिसच्या इमारतीत 'ताबडतोब वापरण्याजोगी' म्हणजे काय ते कळतं. रिअॅक्टर, पाइप रॅक (पाइप वाहून नेणारी चौकट), चिमणी, टाक्या, कंट्रोल रूम असा पसारा असेल तर सगळ्याला मिळून एकच पातळी कशी लावणार?

जुलै २००७ मध्ये जपानच्या काशिवाझाकी परिसरात भूकंप झाला. तिथल्या पिस्टन रिंग बनवणाऱ्या एका कारखान्यातली यंत्रं जागची हलली आणि उत्पादन थांबलं. जपानच्या वाहन उद्योगाला लागणाऱ्या रिंगांचा मोठा हिस्सा तिथून जायचा, त्यामुळे टोयोटासकट बहुतेक मोठ्या कंपन्यांना आपापल्या असेंब्ली लाइन थांबवाव्या लागल्या. त्यांनी स्वतःची माणसं मदतीला धाडली आणि साधारण आठवड्याभरात कारखाना पुन्हा सुरू झाला. एवढं सगळं कारखाना न कोसळता घडलं. फक्त 'लाइफ सेफ्टी'च्या चष्म्यातून पाहिलं तर तो पास झाला, असंच म्हणावं लागेल.

ज्यांनी प्रत्यक्ष अशी कामं केली आहेत, त्यांनी लिहावं. सहमती नसेल तरी लिहावं.

नवशिका_अभियंता

उत्तम विषय. आर फॅक्टरबद्दल एक मूलभूत शंका. आपण इलॅस्टिक बल ५ने भागतो. म्हणजे डिझाइन भूकंपात स्ट्रक्चर यील्ड होणार, म्हणजे कायमचं वाकणार, हे गृहीतच धरलेलं असतं ना? मग त्यावर बसवलेल्या पाइपचं काय?

पोलादी

बरोबर नस पकडलीत. फ्रेम यील्ड होऊन ऊर्जा जिरवते, ती तिची कामगिरी. पण वाकलेल्या फ्रेमवरच्या पाइपला, त्याच्या फ्लँजला (बोल्टने जोडलेल्या सांध्याला), पंपाच्या नोझलला (पाइप जोडायच्या तोंडाला) तेवढं वाकणं परवडत नाही. आर जितका मोठा, तितकं बल लहान आणि विस्थापन मोठं. इमारतीत ते विस्थापन पार्टिशनच्या भिंतीला तडे देतं. कारखान्यात तेच विस्थापन ज्वलनशील द्रवाचा सांधा उघडतं.

चिलीचा औद्योगिक भूकंप कोड, एनसीएच २३६९, मला म्हणूनच फार आवडतो. २००३च्या आवृत्तीत जीव वाचवण्याच्या जोडीला उद्योगाचं कामकाज अखंड ठेवणं हेही उद्दिष्ट म्हणून लिहिलेलं आहे. आर ५च्या वर जाऊच देत नाहीत. अमेरिकेत खास मोमेंट फ्रेमला (ताठ सांध्यांच्या चौकटीला) इमारतीसाठी ८ मिळतो, त्याच्याशी ताडून पाहा. २०१०च्या ८.८ तीव्रतेच्या भूकंपात तिथल्या अवजड उद्योगांची स्ट्रक्चर एकंदरीत चांगली टिकली.

शिस्तीत

थोडा विरोध नोंदवतो. कोड आपल्याला हात धरून चालवतो, आणि तसाच चालवायला हवा. 'कामगिरीवर आधारित' म्हटलं की प्रत्येक जण आपापलं ध्येय ठरवणार. मालक म्हणेल, मला लाइफ सेफ्टी पुरे, पोलादाचे टन कमी करा. नॉन-लिनिअर (यील्डनंतरचं वागणं मोजणाऱ्या) विश्लेषणात गृहीतकं एवढी असतात की हवं ते उत्तर काढता येतं. इम्पॉर्टन्स फॅक्टर (महत्त्वाच्या स्ट्रक्चरसाठी डिझाइनचं बल वाढवणारा गुणक) १.५ घ्या, तन्यतेचं (न तुटता वाकण्याचं) डिटेलिंग नीट करा, दहापैकी नऊ कारखान्यांना ते पुरतं. बाकीचा खर्च कशाला?

पोलादी

डिटेलिंगबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. इम्पॉर्टन्स फॅक्टरबद्दल नाही. १.५ने बल वाढतं, कामगिरी त्याच प्रमाणात वाढतेच असं नाही. मेंबर जाड झाले की स्ट्रक्चर ताठर होतं, पिरियड (एका झोक्याला लागणारा वेळ) कमी होतो, आणि वरच्या मजल्यावरच्या उपकरणांना बसणारा प्रवेग बऱ्याचदा वाढतो. कॅलिफोर्नियातल्या ऑलिव्ह व्ह्यू हॉस्पिटलचं उदाहरण घ्या. १९७१च्या भूकंपात ते मोडलं, मग अतिशय भक्कम असं नव्याने बांधलं. १९९४ मध्ये स्ट्रक्चरला जवळपास काही झालं नाही, पण स्प्रिंकलरचे आणि पाण्याचे पाइप फुटून रुग्णांना हलवावं लागलं. स्ट्रक्चर पास, हॉस्पिटल बंद.

गृहीतकांचा तुमचा मुद्दा खरा आहे. त्यावर इलाज म्हणजे स्वतंत्र पीअर रिव्ह्यू (बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी), तोही शेवटी सही घ्यायला नव्हे तर ध्येय ठरवतानाच. किमान पातळी म्हणून कोड राहतोच. त्याखाली जायची मुभा कुणी मागत असेल तर ते या पद्धतीचं नाव वापरणं झालं, पद्धत नव्हे.

प्रक्रियावाला

मी प्रोसेस सेफ्टीतला. स्ट्रक्चरची मंडळी हा प्रश्न आमच्याकडे घेऊन येतात तेव्हा मनापासून बरं वाटतं, कारण सहसा येत नाहीत. आल्यावर आम्ही पहिल्यांदा काय सांगतो ते लिहितो.

प्लँट चालू राहणं ही दुसरी पायरी. पहिली म्हणजे प्लँट *सुरक्षितपणे बंद* होणं. त्यासाठी लागणारी यादी लहान आणि ठाम असते: आपत्कालीन शट-ऑफ व्हॉल्व्ह, त्यांना लागणारी इन्स्ट्रुमेंट एअर (दाबाखालची हवा), बॅटरीवर चालणारा वीजपुरवठा, कंट्रोल रूम, आगीच्या पाण्याचे पंप आणि रिंग मेन (प्लँटभोवती फिरणारी पाण्याची लाइन), आणि फ्लेअर (जादा वायू सुरक्षितपणे जाळणारी यंत्रणा). फ्लेअर लोक विसरतात. एकाच वेळी सगळी युनिट बंद झाली की सगळा वायू तिकडेच धावतो. नेमक्या त्या दिवशी फ्लेअरचा हेडर (वायू नेणारा मुख्य पाइप) पाइप रॅकवरून घसरला तर?

ऑगस्ट १९९९च्या तुर्कस्तानातल्या कोजाएली भूकंपात इझमितच्या रिफायनरीत १०० मीटरहून उंच काँक्रीटची चिमणी कोसळली, ती थेट क्रूड (कच्च्या तेलाच्या) युनिटच्या हीटरवर आणि पाइपांवर. दुसरीकडे नॅफ्थाच्या टाक्या पेटल्या. आग विझवायला पाणी हवं, तर तळ्यावरून येणारी पाण्याची लाइनच भूकंपात तुटलेली. आग अनेक दिवस धुमसत राहिली. यातली चिमणी एकटी पाहिली तर 'एक स्ट्रक्चर पडलं' एवढीच नोंद होईल. ती कशावर पडेल, हा प्रश्न तिच्या डिझाइन बेसिसमध्ये (डिझाइनची गृहीतकं आणि ध्येयं लिहिलेल्या कागदात) असायला हवा होता. माझ्या मते चिमणीच्या पडण्याच्या त्रिज्येत काय काय येतं यावरून चिमणीची कामगिरी पातळी ठरावी, चिमणीच्या स्वतःच्या किमतीवरून नव्हे.

गणिती_मन

+१. आता थोडं आकड्यांचं. '४७५ वर्षांचा भूकंप' ऐकला की मालक म्हणतो, माझा प्लँट ३० वर्षांचा, मला काय त्याचं? ५० वर्षांत १० टक्के शक्यता म्हणजे ४७५ वर्षांचा पुनरावृत्ती काळ. ३० वर्षांत तो ओलांडला जाण्याची शक्यता सुमारे ६ टक्के निघते. आणि ७२ वर्षांच्या भूकंपाची? सुमारे ३४ टक्के, म्हणजे तीनात एक! मालकाला पहिल्यांदा हा आकडा दाखवावा. कारण ७२ वर्षांच्या त्या मध्यम धक्क्यात प्लँट दोन दिवस थांबणार की दोन महिने, यावर त्याचं अर्थकारण अवलंबून असतं, आणि नेहमीचं कोड डिझाइन ही पातळी स्वतंत्रपणे तपासतच नाही.

पूर्ण साखळी अशी: जागेचा भूकंप धोका, त्यावरून स्ट्रक्चरचा प्रतिसाद (मजल्यांमधला ड्रिफ्ट, मजल्यावरचा प्रवेग), त्यावरून प्रत्येक घटकाचं नुकसान, आणि त्यावरून पैसा, दिवस, जीव. कॅलिफोर्नियातल्या पीअर या भूकंप अभियांत्रिकी संशोधन केंद्राने ही चौकट मांडली, फेमाच्या पी-५८ या मार्गदर्शिकेने २०१२ मध्ये ती कामाला लावण्याजोगी केली. प्रत्येक पायरीवर अनिश्चितता सोबत घेऊन पुढे जायचं, शेवटी एकच आकडा न देता शक्यतांचं वितरण द्यायचं.

नवशिका_अभियंता

पण त्यासाठी फ्रॅजिलिटी कर्व्ह (किती हादऱ्याला घटक मोडण्याची शक्यता किती, ते दाखवणारे आलेख) हवेत ना? पार्टिशन, छत, लिफ्टचे मिळतात. कॉम्प्रेसरचा कुठून आणायचा?

गणिती_मन

हीच या पद्धतीची औद्योगिक क्षेत्रातली खरी अडचण. इमारतींच्या घटकांचा साठा मोठा आहे, प्रोसेस उपकरणांचा फार विरळ. टाक्यांसाठी मागच्या भूकंपांतल्या निरीक्षणांवरून काढलेले कर्व्ह आहेत. विजेचे पॅनेल आणि रिले यांच्या शेक टेबल (हलत्या मंचावरच्या) चाचण्या अणुवीज क्षेत्रात भरपूर झाल्या. बाकी ठिकाणी उत्पादकाकडून प्रवेगाची मर्यादा घ्या, नोझलवरच्या बलाची मर्यादा घ्या, आणि त्या मर्यादेलाच नुकसानीची पातळी माना. संभाव्यतेचा पूर्ण खेळ न खेळताही निर्णय बदलतो, यावर माझा विश्वास आहे.

टाकीवाली

टाक्यांचा उल्लेख झाला म्हणून लिहिते, हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

टाकीतला द्रव भूकंपात दोन भागांत वागतो, हे भूकंप अभियंता हाउसनर यांचं जुनं मॉडेल. खालचा भाग भिंतीबरोबर हलतो, त्याचा पिरियड सेकंदाचा अंश. वरचा भाग हिंदकळतो, त्याचा पिरियड मोठ्या टाक्यांत ७-८ सेकंद आणि त्याहूनही जास्त. पहिल्यामुळे तळाजवळचा पत्रा फुगून बाहेर येतो, ज्याला आपण एलिफंट फूट म्हणतो. दुसऱ्यामुळे तरंगतं छत मोडतं.

सप्टेंबर २००३ मध्ये जपानच्या तोकाची-ओकी भूकंपाचं केंद्र तोमाकोमाई बंदरापासून २०० किलोमीटरहून दूर होतं. तिथे जमिनीचा प्रवेग फार नव्हता. पण गाळाच्या खोऱ्यामुळे लांब पिरियडच्या लाटा मोठ्या झाल्या, मोठ्या टाक्यांतलं तेल हिंदकळलं, छतं मोडली, काही बुडाली. एक टाकी त्याच दिवशी पेटली, आणि दोन दिवसांनी नॅफ्थाची टाकी पेटली. छत बुडाल्याने द्रव उघडा पडला होता. 'प्रवेग कमी, म्हणून धोका कमी' हे समीकरण टाक्यांना लागू नाही. फ्रीबोर्ड किती ठेवायचा, म्हणजे टाकी किती भरायची, हा स्ट्रक्चरल निर्णय आहे, आणि तो रोज घेतो ऑपरेटर. त्याला ते माहीत असायला हवं.

दुसरं उदाहरण मार्च २०११चं, टोकियो उपसागरावरच्या चिबामधलं. एलपीजीच्या गोल टाक्यांपैकी एक तपासणीसाठी पाण्याने भरून ठेवलेली होती. एलपीजीची घनता पाण्याच्या जवळजवळ निम्मी, त्यामुळे त्या टाकीचं वजन नेहमीपेक्षा खूपच जास्त. मुख्य धक्क्यात पायांमधले तिरपे ब्रेस तुटले, टाकी उभी राहिली. सुमारे अर्ध्या तासाने आलेल्या धक्क्यात पाय वाकले आणि टाकी खाली आली. शेजारचे पाइप तुटले, गळती, आग, स्फोट. १७च्या १७ टाक्यांना झळ पोहोचली आणि आग पूर्ण विझायला १० दिवस लागले.

यात कोडाचं गणित चुकलं असं मी म्हणत नाही. टाकी ज्या अवस्थेत होती ती अवस्था डिझाइनमध्ये तात्पुरती मानलेली होती, आणि भूकंप तात्पुरतं-कायमचं पाहत नाही. हायड्रोटेस्ट (पाणी भरून केलेली चाचणी), शटडाउन, अर्धी काढलेली ब्रेसिंग, क्रेनवर लटकलेलं उपकरण, या अवस्था किती दिवस टिकतात आणि त्या काळात कोणती कामगिरी अपेक्षित आहे, हे डिझाइन बेसिसमध्ये असलंच पाहिजे.

पोलादी

@टाकीवाली, या प्रतिसादासाठी तरी धागा काढला याचं समाधान आहे. ब्रेस तुटल्यानंतरचा तो अर्धा तास माझ्या डोक्यातून जात नाही. मुख्य धक्क्यानंतर शिल्लक ताकद किती, हे आपण जवळपास कधीच मोजत नाही. नॉन-लिनिअर टाइम हिस्टरीत (भूकंपाची नोंद क्षणाक्षणाने लावून केलेल्या विश्लेषणात) एकापाठोपाठ दोन नोंदी लावल्या तर ते दिसतं.

सांधेजोड

मला इटलीतला २०१२चा एमिलिया भूकंप आठवला. २० मेचा मोठा धक्का, मग २९ मेचा. तिथल्या प्रीकास्ट (आधी ओतून आणलेल्या काँक्रीटच्या) औद्योगिक शेडमध्ये छताचे बीम कॉलमच्या डोक्यावर नुसते टेकवलेले असायचे. यांत्रिक जोड नाही, सगळा भरवसा घर्षणावर. तो प्रदेश २००३पर्यंत भूकंपप्रवण म्हणून वर्गीकृतच नव्हता, त्यामुळे जुन्या शेड त्या काळच्या नियमाने योग्यच होत्या. कॉलम हलले, बीम टेकणीवरून घसरले, छतं आली. २९ मे रोजी काही कामगार अशा कारखान्यांत दगावले जिथे पहिल्या धक्क्यानंतर काम पुन्हा सुरू झालं होतं.

इथे पुशओव्हर (स्ट्रक्चर आडवं ढकलत नेऊन पाहणारं विश्लेषण), फ्रॅजिलिटी काहीच लागत नाही. 'बीम कशाने धरून ठेवला आहे?' एवढा एक प्रश्न पुरतो. @शिस्तीत यांच्या बाजूने एवढं म्हणेन, की महागड्या विश्लेषणाच्या आधी हे प्रश्न संपवा.

शिस्तीत

हेच म्हणतोय मी! आणि चिबाचं उदाहरण वाचून माझी एक बाजू थोडी सैल झाली हेही सांगतो. इम्पॉर्टन्स फॅक्टर कितीही घेतला असता तरी पाण्याने भरलेली अवस्था गृहीतच नसेल तर उपयोग काय. प्रश्न आधी, आकडा नंतर, हे मान्य.

आता चालू असलेल्या जुन्या प्लँटचं सांगा. नवीन डिझाइनमध्ये सगळं लिहिता येतं, पण वीस-तीस वर्षं चाललेल्या प्लँटचं काय करायचं? मालक एक दिवसाचा शटडाउन द्यायला तयार नसतो.

प्रक्रियावाला

वॉकडाउन. अणुवीज क्षेत्रातून आलेली पद्धत, रिफायनरींत चांगली रुळली आहे. स्ट्रक्चरचा एक, प्रोसेसचा एक, मेंटेनन्सचा एक, असे तिघे मिळून प्लँट पायी फिरायचा. वरच्या माझ्या यादीतली प्रत्येक वस्तू शोधायची आणि तिच्याकडे पाहायचं: बोल्ट आहेत का, गंजलेत का, बॅटऱ्यांचे रॅक बांधलेत का, विजेचे कॅबिनेट जमिनीला जखडलेत का, टाकीपासून निघालेला पाइप पहिल्याच आधाराशी ताठ बांधलाय की त्याला हलायला जागा आहे, आणि शेजारची कुठली वस्तू तिच्यावर पडू शकते. बहुतेक दुरुस्त्या चालू प्लँटमध्ये होतात. ज्यांना शटडाउन लागतो त्यांची यादी पुढच्या नियोजित शटडाउनच्या कामांत घालायची. मेंटेनन्सचा माणूस सोबत हवाच. कुठला व्हॉल्व्ह खरंच बंद होतो आणि कुठला कागदावरच होतो, हे फक्त त्याला ठाऊक असतं.

अनाहत

सगळी चर्चा भूकंपावर चालली आहे. स्फोट आणि आगीसाठी हीच विचारपद्धत आधीपासून वापरात आहे, त्याची नोंद असावी. १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरो इथल्या स्फोटात २८ माणसं गेली, त्यातली १८ कंट्रोल रूममध्ये. त्यानंतर कंट्रोल रूमच्या डिझाइनकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. आज स्फोटरोधक इमारतीचं डिझाइन करताना कमी, मध्यम, जास्त अशा नुकसानीच्या पातळ्या ठरवतात आणि प्रत्येक घटकाच्या आधारापाशी किती अंश फिरणं चालेल ते मर्यादित करतात.

आगीचंही तसंच. पोलादाची ताकद ६०० अंश सेल्सियसच्या आसपास निम्म्यावर येते. 'सगळ्या रॅकला दोन तासांचं फायरप्रूफिंग' म्हणण्याऐवजी कुठला रॅक पडला तर फ्लेअरचा हेडर किंवा शट-ऑफ व्हॉल्व्हच्या केबल जातील हे पाहून तिथे ते द्यावं. भूकंपानंतर लागणाऱ्या आगीत फायरप्रूफिंगचं कवच आधीच गळून पडलेलं असू शकतं, हा दोन्हींना जोडणारा मुद्दा. त्याकडे फार कमी लोक पाहतात.

नवशिका_अभियंता

शेवटची शंका. चिलीच्या कोडात अँकर बोल्ट (स्ट्रक्चरला पायाशी जखडणारे) पायाच्या वर उघडे ठेवतात असं वाचलं. बेस प्लेट थेट ग्राउटवर (खालच्या सिमेंटच्या भरावावर) टेकवून बोल्ट आवळणं जास्त पक्कं नाही का?

पोलादी

पक्कं दिसतं, पण बोल्टला ताणायला लांबीच मिळत नाही. हिशोब करून पाहा. बोल्टचा मोकळा भाग ५० मिलिमीटर असेल तर २ टक्के ताणाला तो फक्त १ मिलिमीटर लांबतो. २५० मिलिमीटर असेल तर ५ मिलिमीटर. उंच व्हेसल (प्रोसेसचं मोठं पात्र) डोलू लागलं की एका बाजूचे बोल्ट थोडे लांबून ऊर्जा जिरवतात, पायातलं काँक्रीट उखडत नाही आणि व्हेसलचं कवच चेपत नाही. चिलीच्या कोडाची अट म्हणून उघडी लांबी किमान २५० मिलिमीटर आणि बोल्टच्या व्यासाच्या किमान ८ पट, दोन्ही पाळायच्या. बेस प्लेटच्या वर उभ्या पट्ट्यांची खुर्ची करून ही लांबी मिळवतात. अमेरिकन कोडातही टाक्या आणि व्हेसलच्या बोल्टसाठी ८ व्यासांची अट आली आहे.

दोन गोष्टी सांभाळा. काँक्रीटमधली पकड बोल्टच्या यील्ड बलापेक्षा ठळकपणे जास्त हवी, नाहीतर बोल्ट ताणायच्या आधी पायाच फुटेल. आणि आटे पाडलेल्या भागात क्षेत्रफळ कमी असतं, त्यामुळे यील्ड बल आणि तुटण्याचं बल यांत पुरेसं अंतर असलेलं पोलाद निवडा, नाहीतर सगळा ताण चार आट्यांत गोळा होऊन बोल्ट तिथेच तुटेल.

भूकंपानंतर या बोल्टांकडे उभ्या उभ्या पाहता येतं. नट सैल झाला असेल तर तो किती लांबला हे मोजायचं, आवळायचं, किंवा बदलायचं. बोल्ट बदलता यावा म्हणून नटच्या वर किती मोकळी जागा लागते, ते मात्र ड्रॉइंगवर दाखवायला हवं, नाहीतर पाइपिंगवाले तिथून नेमकी एक लाइन नेतात.

प्रक्रियावाला

नेतात. मॉडेल रिव्ह्यूमध्ये त्या जागेला 'मेंटेनन्स व्हॉल्यूम' म्हणून आरक्षित करून ठेवा, क्लॅश चेकमध्ये (दोन वस्तू एकाच जागी येतात का ते पाहणाऱ्या तपासणीत) तिथे आलेली लाइन आपोआप पकडली जाते.